शाळेचं नाव पूर्ण सांग

परवा नळावर पाणी भरताना तू हळूच विचारलंस, "ताई, क्लासला कुणी शाळा विचारली तर काय सांगू?" माझी बादली भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही. मागून काकू ओरडल्या तेव्हा भानावर आले. हा प्रश्न तुझ्या वयात मलाही पडला होता गं. फरक एवढाच, की मी कुणाला विचारलं नाही. माझं मी उत्तर शोधून ठेवलं होतं. "थेरगावलाच आहे," असं म्हणायचं. खोटं काहीच नाही त्यात. थेरगावात शाळा काय कमी आहेत? समोरच्याने मनानेच एखादी टाय-बुटाची शाळा समजून घ्यावी आणि आपण गप्प राहावं.

नळावर चार बाया उभ्या असताना हे सगळं बोलता येईना, म्हणून आज लिहितेय. आज सेकंड शिफ्ट आहे, दुपारपर्यंत मी मोकळी.

तुझी सातवी झाली, आता आठवीला तू महापालिकेच्या माध्यमिक शाळेत आलीस. मी २०११च्या जूनमध्ये आले होते. आमच्या वर्गात कोण नव्हतं? लातूरची होती, बीडची होती, जळगावकडची होती, दोघी उत्तर प्रदेशच्या होत्या आणि त्या आमच्यापेक्षा शुद्ध मराठी लिहायच्या. मूळ थेरगावच्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ते साहजिकच आहे म्हणा. पवनेच्या अलीकडे आपलं थेरगाव, पलीकडे मोरया गोसावींचं चिंचवड, मध्ये शेतं, असं हे गाव होतं. १९५४ मध्ये पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना आला, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मोठमोठ्या कंपन्या आल्या आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. शेतं गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली, अर्ध्या गुंठ्यावर खोल्या उठल्या आणि त्या खोल्यांमध्ये आपण आलो. आपल्या शाळेतल्या पटावर एमआयडीसीचाच इतिहास लिहिलेला असतो बघ. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात 'शेती' फार थोड्यांच्या पुढे दिसेल.

माझे पप्पा तेव्हा ठेकेदाराकडे हेल्पर होते. मी मात्र वर्गात सांगितलं होतं, "सुपरवायझर आहेत." का सांगितलं, देव जाणे. माझ्या बाकावर जी बसायची तिचे वडील रिक्षा चालवायचे आणि ती ते खुशाल सांगायची. तिला कमी वाटत नव्हतं, मला मात्र तिच्यापेक्षा वरचढ व्हायचं होतं, बहुतेक.

आता ऐक, ही थाप मला केवढ्याला पडली. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती. बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न दीड लाखाच्या आत आहे त्यांनी नावं द्या, आणि उत्पन्नाचा दाखला काढायला सांगा घरी." तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती. पप्पांचा पगार त्याच्या कितीतरी खाली. पण सुपरवायझरची मुलगी हात कशी वर करणार? बाकावरची शेजारीण बघत होती ना! मी वहीत रेघोट्या मारत बसले. तिने मात्र नाव दिलं, परीक्षा दिली, पास झाली. महिन्याला ५०० रुपये, नववी ते बारावी. चार वर्षांचे २४ हजार. पहिल्या वर्षाच्या पैशांतून तिने सायकल घेतली आणि डांगे चौकापर्यंत मला कितीतरी वेळा डबल सीट सोडलं. कॅरिअरवर बसून मी हिशेब करायचे.

घरी हे मी आजही सांगितलेलं नाही. तू माझ्या मम्मीजवळ बोलू नकोस.

तुझ्या वेळी ती रक्कम वर्षाला १२ हजार आहे आणि उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. आणि गंमत बघ, ही शिष्यवृत्ती सरकारी, अनुदानित आणि आपल्यासारख्या पालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांनाच मिळते. तुझ्या क्लासमधला टाय-बुटाच्या विनाअनुदानित शाळेतला एखादा मुलगा कितीही हुशार असला तरी त्याला हा फॉर्म भरताच येत नाही. ज्या शाळेचं नाव सांगायला तुझी जीभ अडखळते, तिच्याच नावावर हे पैसे मिळतात. सातवीत ५५ टक्के लागतात, ते तुला आहेत. दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न. शालेय क्षमतेत विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २०. म्हणजे इतिहास-भूगोलाला नाक मुरडायचं नाही. बौद्धिक क्षमतेचं काही फार नसतं, आकृत्या, मालिका, सांकेतिक भाषा. रोज २० प्रश्न घड्याळ लावून सोडव, दिवाळीपर्यंत हात बसेल. मिळाली की पुढे टिकवावीही लागते. नववीत ५५ आणि दहावीत ६० टक्के हवेत, आणि दर वर्षी पोर्टलवर नूतनीकरण करायचं. शिष्यवृत्ती लागूनसुद्धा हे नूतनीकरण राहिलं म्हणून पैसे थांबलेल्या मुली मी बघितल्यात.

उत्पन्नाचा दाखला पप्पांना आत्ताच काढायला सांग, परीक्षेचा फॉर्म आल्यावर नाही. महा ई-सेवा केंद्रात जायचं म्हणजे त्यांचा एक खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली. एकदम दोन-तीन कामं काढून त्यांना एकाच दिवशी पाठव. आणखी एक बघून घे. आधारवर तुझं नाव कसं आहे? शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये कसं आहे? बँकेच्या पासबुकावर? तिन्हीकडे अक्षर न् अक्षर एक पाहिजे. माझ्या आधारवर आडनावात एक काना जास्त होता. एका कान्यासाठी मी तीन चकरा मारल्यात, म्हणून सांगते.

आता दाखल्यांचंच निघालंय तर जातीच्या दाखल्याचंही सांगून टाकते, कारण आपलं खरं घोडं तिथे अडतं. आपण इथे राहतो, इथे मतदान करतो, पण दाखला मात्र गावाकडचा लागतो. ओबीसी असशील तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, एससी-एसटींना १९५० च्या आधीचा. तेव्हा आपले पप्पासुद्धा जन्मले नव्हते! मग पुरावा कुणाचा? आजोबांचा, पणजोबांचा, वडिलांकडच्या कुणाचाही.

मला हे दहावीच्या निकालानंतर कळलं. कळलं म्हणजे, आधी विचारलंच नव्हतं. २०१४चा जून, डिप्लोम्याचे फॉर्म सुटलेले आणि मी आणि पप्पा वल्लभनगरच्या स्टँडवरून रात्रीची एसटी धरून उदगीरकडे निघालो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, मग त्यांचा दाखला कुठून येणार? पप्पा बसमध्ये रात्रभर एकच म्हणत होते, "बघू, बघू." सकाळी गावातल्या शाळेत गेलो. गुरुजींनी पत्र्याची पेटी उघडली. जुनी रजिस्टरं, काठाला वाळवी लागलेली, पान उलटलं की माती पडायची. गुरुजी नाव वाचत होते आणि पप्पा मान हलवत होते, नाही, नाही, हे नाही. तासाभराने एका ओळीवर पप्पांनी बोट ठेवलं. आजोबांचे धाकटे भाऊ. १९५९ साली पहिलीत नाव घातलेलं, दुसरीतून काढलेलं. जातीच्या रकान्यात जात होती, आपल्याला हवी होती तशीच, स्वच्छ अक्षरात. आणि शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण' म्हणून रकाना होता, त्यात लिहिलं होतं, 'गुरे राखणे.'

ते चुलत आजोबा तेव्हा हयात होते. पारावर बसले होते. आम्ही सांगितलं तर हसायलाच लागले. "माझ्या दोन यत्ता कामाला आल्या म्हणा की!" मग मला म्हणाले, मास्तर मारायचा फार, म्हणून मीच गुरांचं निमित्त केलं.

त्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर माझा दाखला झाला. पण उशिराच झाला. हातात आला तेव्हा डिप्लोम्याची पहिली फेरी होऊन गेली होती आणि जवळचं कॉलेज हुकलं. तीन वर्षं रोज दोन बस बदलून गेले. चूक कुणाची? आठवीत असताना एका सुट्टीत गावी गेले होते, तेव्हा नुसतं विचारलं असतं तर झालं असतं. तू येत्या दिवाळीला गावी जाशील तेव्हा शाळा उघडायच्या आत परत येऊ नकोस, एक दिवस थांब आणि उतारा घेऊनच ये. तुमच्याकडे निजामाच्या वेळचे कागद असतील तर ते उर्दूत किंवा मोडीत निघतील, तेव्हा वाचून देणारा माणूसही शोधावा लागतो. पुढे इंजिनिअरिंग-फार्मसीला जायचं तर जात पडताळणीही लागते, तिचीही सुरुवात ह्याच कागदापासून होते.

दमलीस ना एवढे कागद ऐकून? मीही दमले. जरा दुसरं बोलू.

पुढच्या वर्षी नववीत गेलीस की एक गोष्ट जाणवेल, आधीच सांगते. पोषण आहार आठवीपर्यंतच. नववीच्या पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली, खिचडीचा वास व्हरांड्यातून नेहमीसारखा आला आणि माझे पाय आपोआप रांगेकडे वळले. मावशी म्हणाल्या, "तू नववीत गेलीस ना गं आता?" त्या चांगल्याच होत्या, नेहमी मला खालची जरा करपलेली खरवड काढून द्यायच्या. पण त्यांच्याकडे मोजून धान्य यायचं. तो दिवस मी पाणी पिऊन काढला. मम्मीला पहिल्या पाळीला जायचं असायचं, डब्याचं आम्ही कुणीच बोललो नव्हतो. तेव्हा नववीपासून सकाळी दोन पोळ्या जास्त लाटायच्या, हे आत्तापासून घरात ठरवून टाक. आणि तूच लाटायच्या असं नाही हं, तुझा भाऊही आता सहावीत आहे. हात काही झिजत नाहीत त्याचे.

पाळीच्या दिवसांत शाळा बुडवू नकोस. दप्तरात एक पॅड आणि एक जुनं वर्तमानपत्र कायम ठेव. अडचण आली तर कुठल्याही बाईंना सांग, त्यांनाही येते की. आणि रस्त्यात कुणी रोज मागे येत असेल, क्लासच्या खाली उभा राहत असेल, तर त्याच दिवशी मला सांग. मी रागावणार नाही. घरात सांगितलं तर शाळाच बंद करतील, ही तुझी भीती मला माहीत आहे, म्हणून तर मला सांग म्हणते. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर पाठ करून ठेव, फुकट लागतो. अठरा वर्षांच्या आत लग्नाचं कुणी घरात काढलं तरी हाच नंबर. आपल्या चाळीत हे होत नाही असं समजू नकोस. दहावीचा निकाल लागतो आणि जूनमध्ये मुलगी "गावाला गेली" असं कळतं.

क्लासबद्दल माझं मत वेगळं आहे, पटलं तर घे. डांगे चौकात बघावं तिकडे क्लासच्या पाट्या. आपल्या शाळेतले बाई-सर रीतसर पात्रता मिळवून आलेले असतात, काही वीस-वीस वर्षं तेच गणित शिकवतायत. फी भरून जे विकत घेतेस ते शाळेत समोर उभं असतं, फक्त विचारावं लागतं. हां, एखाद्या विषयाला मानधनावरचे सर येतात आणि वर्ष संपलं की बदलतात, तेव्हा तेवढ्यापुरता क्लास लाव, माझी हरकत नाही. सगळे विषय लावू नकोस. ते पैसे पप्पांच्या ओव्हरटाइमचे असतात.

चित्र चांगलं काढतेस तू. एलिमेंटरी दे आणि त्याच्या पुढची इंटरमीजिएटही दे. इंटरमीजिएटला 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीत ७ गुण, 'ब'ला ५, 'क'ला ३. सात गुण म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण अकरावीच्या यादीत अर्ध्या टक्क्यावर कॉलेज बदलतं. मी दिली नाही. मला वाटायचं रंगपेटीचा खर्च.

अकरावीचं अजून लांब आहे, एवढंच लक्षात ठेव की आता सगळं ऑनलाइन असतं आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून एक नंबरला मैत्रिणीचं कॉलेज टाकायचं नाही, आपल्याला रोज जायला परवडेल ते टाकायचं. आणि अकरावी हाच एक रस्ता नाही. मोरवाडीला महापालिकेचंच आयटीआय आहे. मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, फिटर मुलीही करतात. आमच्या लाइनवर दोघी आहेत आणि मशीन बंद पडलं की शिफ्ट इनचार्ज आधी त्यांनाच हाक मारतो. पदवीच्या व्यावसायिक कोर्सला जाशील तेव्हा हेही ध्यानात ठेव, की जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. परत कागद आले बघ. माझा नाइलाज आहे.

डिप्लोम्यात मला खरा धक्का बसला तो इंग्रजीचा. हुशारीत मी कमी नव्हते, शब्द नव्हते. पहिल्याच आठवड्यात सर फळ्यावर ॲक्सिलरेशन, ॲक्सिलरेशन म्हणत होते. मी आपली शून्य. अर्ध्या तासाने सूत्र लिहिलं तेव्हा कळलं, अरे, हे तर आपलं त्वरण! त्वरण मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. संवेग म्हणजे मोमेंटम, घर्षण म्हणजे फ्रिक्शन, विद्युतधारा म्हणजे करंट. करंट तर मला घरच्या मीटरमुळे माहीत होता, पण तो हाच, हे कुणी सांगितलं नव्हतं. तू आत्तापासून विज्ञानाच्या वहीत समासात प्रत्येक शब्दाचा इंग्रजी जोडीदार लिहीत जा. सेमीला असलीस तर उलटं कर, मराठी लिही. मराठीतून शिकल्याचा तोटा झाला असं मी म्हणणार नाही. मला घर्षण समजलेलं होतं, माझ्या काही मैत्रिणींना फ्रिक्शनचं स्पेलिंग पाठ होतं.

आज मी चाकणला क्वालिटीत आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, पार्ट मापायचे, ड्रॉइंगशी जुळवायचे, मापात नसेल तर लाल डब्यात टाकायचे. कितीही मोठा साहेब असू दे, मी लाल डब्यात टाकलेला पार्ट तो परत लाइनवर घेऊ शकत नाही. नोकरीला लागले तेव्हा एक फॉर्म भरायचा होता, त्यात दहावीच्या शाळेच्या नावासाठी एक रकाना होता. माझा पेन थांबला. 'थेरगाव' एवढंच लिहावं असं परत मनात आलं, खरं सांगते, बावीस-तेविसाव्या वर्षीसुद्धा. मग लिहिलं, पिंपरी चिंचवड महानगरपालिका माध्यमिक विद्यालय. एवढं लांब नाव की रकान्यात मावेना, शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर गेलं. समोरच्या माणसाने फॉर्म घेतला, मार्कशीट बघितली, झेरॉक्सवर सही आहे का बघितलं आणि फॉर्म गठ्ठ्यात ठेवला. शाळेचं नाव त्याने वाचलंसुद्धा नाही! इतकी वर्षं जे लपवत होते ते कुणी बघतच नव्हतं. मला हसू आलं आणि थोडा रागही आला, का ते विचारू नकोस.

बरं, आपल्या थेरगावचं नाव अगदीच कुणाला माहीत नाही असंही नाही. वेंगसरकर क्रिकेट अकादमी इथलीच आणि ऋतुराज गायकवाड तिथेच घडला. तुझ्या भावाला सांग, तो खूश होईल. त्याला आधीच माहीत असेल म्हणा, जाळीला नाक लावून तासभर उभा असतो.

तुझ्या क्लासमध्ये कुणी विचारलं तर शाळेचं नाव पूर्ण सांग. पहिल्या वेळी कान गरम होतील, होऊ देत. माझी ती बाकावरची रिक्षावाल्यांची लेक आता एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या महिन्यात भेटली तेव्हा शेवटी मी तिला सांगून टाकलं, माझे पप्पा सुपरवायझर नव्हते. ती म्हणाली, "माहीत होतं की. ते रोज माझ्या पप्पांच्याच रिक्षाने शेअरिंगने जायचे."

रविवारी मला सुट्टी आहे. सकाळी दहाला ये. सातवीची मार्कशीट, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान आण, झेरॉक्स नको, मूळच आण, आपण नावं ताडून बघू. प्लास्टिकची बटणवाली फाईल मी आणून ठेवलीय तुझ्यासाठी, निळी. आणि येताना चौकातल्या स्टुडिओत आठ फोटो काढून घे, पांढऱ्या बॅकग्राउंडचे. वेणी घालून, कान दिसले पाहिजेत.